रिव्हॉल्व्हरमधील अकल्पित बार : दोन सुरक्षा-योजनांची तुलना

चाप ओढल्यावाचून बार उडणे हा यंत्ररचनेचा दोष होय. चाप नकळत ओढला जाणे हा वर्तनाचा दोष होय. ह्या दोहोंची गल्लत केल्यास उपायही चुकतात. प्रस्तुत लेखात पहिल्या प्रकाराचा, म्हणजे रिव्हॉल्व्हर खाली पडून किंवा त्याच्या घोड्यावर आघात होऊन उडणाऱ्या बाराचा, विचार करावयाचा आहे.

अमेरिकेतील कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरात काडतुसाच्या टोपीवर आदळणारी खीळ घोड्यालाच बसविलेली होती. घोडा पूर्ण खाली असता खिळीचे टोक टोपीला टेकलेले राही. त्यामुळे शस्त्र घोड्यावर पडले की आघात थेट टोपीस पोचे. घोडा किंचित मागे अडकवून ठेवणारी खाच होती, परंतु जोराच्या आघाताने ती तुटण्याचा संभव असे. म्हणून सहापैकी पाचच घरे भरावीत व घोडा रिकाम्या घरावर ठेवावा, असा प्रघात पडला. उपाय परिणामकारक खरा. पण तो सर्वस्वी वापरणाराच्या स्मरणावर विसंबलेला होता.

हे काम यंत्रावर सोपविण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला अडसराचा. घोड्यापुढे धातूची पट्टी आडवी येते व चाप ओढताच बाजूस सरते. स्मिथ अँड वेसन कंपनीची जुनी पट्टी स्प्रिंगच्या जोरावर जागेवर येई. १९४४ मध्ये अमेरिकन नौदलातील ह्या कंपनीचे एक रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडून बार उडाला व एक खलाशी मृत्युमुखी पडला. त्यानंतर पट्टी आतील सरकत्या भागाशी अशी जोडण्यात आली की, चाप सोडताच तिला जागेवर यावेच लागते.

दुसरा मार्ग दुव्याचा. आयव्हर जॉन्सन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच तो अवलंबिला होता. रूगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरात तो आणला. येथे खीळ चौकटीत असून घोडा तिच्यापर्यंत पोचतच नाही. चाप ओढला असता एक पट्टी वर येऊन दोहोंमधील अंतर भरून काढते. जुनी रिव्हॉल्व्हरे ह्या पद्धतीने विनामूल्य बदलून देण्याची योजनाही कंपनीने १९८२ मध्ये सुरू केली.

दोन्ही योजना वरवर सारख्या दिसतात. भेद कळतो तो पट्टी मोडल्यावर. अडसर मोडला तरी शस्त्र पूर्ववत चालते, आणि संरक्षण गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. दुवा मोडला तर बारच उडत नाही. दोष आपण होऊन प्रकट होतो. सुरक्षेच्या दृष्टीने दुसरी रचना श्रेष्ठ ठरते ती ह्याच कारणास्तव.

तथापि बोटाने वा वस्त्राच्या घडीने चाप ओढला गेल्यास दोन्ही पट्ट्या आपले काम चोख बजावतात आणि बार उडतो. तेथे नळी निर्धोक दिशेस ठेवणे, बोट चापाच्या कडीबाहेर ठेवणे व घरे स्वतः तपासणे ह्यांवाचून अन्य तरणोपाय नाही.