ग्राहक संस्था म्हणजे तक्रारपेटी नव्हे

‘तुम्ही त्या दुकानावर छापा का घालत नाही?’ ग्राहक संस्थेच्या तक्रार मार्गदर्शन केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्त्याला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा राग खरा असतो, पत्ता तेवढा चुकलेला असतो. छापा घालणं, दंड ठोठावणं, परवाना रद्द करणं यातला एकही अधिकार या संस्थांकडे नाही. मापात मारलं तर वैधमापन शास्त्र विभाग, भेसळ असेल तर अन्न व औषध प्रशासन, भरपाई हवी तर ग्राहक आयोग, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. ही सगळी सरकारी किंवा कायद्यानं स्थापन झालेली यंत्रणा. ग्राहक संस्था म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांनी चालवलेला, नफा न वाटणारा न्यास किंवा सोसायटी. तरीही या संस्थांविषयी समज असे पक्के, की ते एकेक करून उलगडलेले बरे.

गैरसमज : ग्राहक चळवळ कायद्यानं जन्माला घातली.

उलट आहे. ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली २४ डिसेंबर १९८६ रोजी. म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. पण मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू केली ती त्याच्या वीस वर्षं आधी, १९६६ मध्ये. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. अहमदाबादेत प्रा. मनुभाई शहा यांचं ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ १९७८ चं. कायदा आला तेव्हा या मंडळींचे चपला झिजवण्याचे दिवस कधीच सुरू झाले होते.

गैरसमज : ग्राहक पंचायत म्हणजे स्वस्त किराणा.

मुंबई-ठाण्याच्या मध्यमवर्गीय घरांत हा समज फार, आणि तो अर्धाच चूक आहे. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी एकत्र भरतात, पैसे एकत्र जमा होतात आणि ठरलेल्या दिवशी संघातल्या कुणाच्या तरी घरी माल उतरतो. मग पुढचा दीड तास त्या घरातला दिवाणखाना म्हणजे गोदाम. तूरडाळीची पाकिटं कुणी मोजतं, साबणाच्या वड्या कुणी यादीशी ताडून बघतं, ‘गूळ एक कमी आहे हो’ अशी हाक येते आणि तो गूळ सोफ्याखाली सापडतो. यात चार पैसे वाचतात हे खरंच. पण चार पैसे वाचवणं हा त्यातला लहान भाग. हजारो कुटुंबांची मागणी एका यादीवर आली की उत्पादकाला दर विचारता येतो, दर्जाविषयी अट घालता येते. एकटं गिऱ्हाईक दुकानदाराच्या मर्जीवर, संघटित गिऱ्हाईक वाटाघाटीला बसतं. किराणा हे निमित्त, हे वाक्य कार्यकर्त्यांच्या तोंडी इतकं बसलंय की नव्या सभासदाला ते पोकळ वाटतं. दोन-तीन वाटपं हातानं केली की वाटत नाही.

गैरसमज : एवढ्या मोठ्या महामंडळापुढे चार माणसांच्या संस्थेचं काय चालणार?

इथं जरा थांबायला हवं. मनुभाई शहांनी आयुर्विमा महामंडळाच्या हप्त्यांचा अभ्यास केला आणि विमेदारांकडून गरजेपेक्षा जास्त पैसे घेतले जातात, असा निष्कर्ष मांडणारी पुस्तिका काढली. महामंडळाच्या अधिकाऱ्यानं ‘द हिंदू’ मध्ये त्याला उत्तर दिलं. शहांनी तिथंच प्रत्युत्तर दिलं. मग महामंडळानं आपल्या ‘योगक्षेम’ या नियतकालिकात अधिकाऱ्याचा लेख छापला, आणि शहांचा छापायला नकार दिला. का, तर हे आमचं घरचं मासिक. दुसरा कुणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. शहा गुजरात उच्च न्यायालयात गेले, जिंकले, आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यांच्याच बाजूनं निकाल दिला. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक संस्थेनं एक बाजू छापून दुसरी दाबणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात आहे, असं न्यायालयानं सांगितलं.

तीन वर्षांनी महामंडळ आणि शहांची संस्था यांच्यातल्या खटल्यात आणखी एक निकाल लागला. कमी हप्त्याची एक मुदत विमा योजना महामंडळानं फक्त सरकारी, निमसरकारी आणि नामांकित कंपन्यांतल्या पगारदारांसाठी राखून ठेवली होती. शेतकरी, रिक्षावाला, छोटा दुकानदार यांना तिथं दार बंद. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ही अट घटनाबाह्य ठरवली. यात ना कुणाचा फ्रीज बदलून मिळाला, ना कुणाला नुकसानभरपाईचा धनादेश आला. माझ्या मते मात्र ग्राहक संस्थेचं खरं काम हेच : एकाची तक्रार सोडवण्यापेक्षा शंभरांची तक्रार उद्भवणारच नाही, असा नियम करून घेणं. आपण मात्र संस्थेला जोखतो ते ‘माझं काम झालं का’ यावर.

गैरसमज : आयोगात जायचं म्हणजे वकील हवाच, आणि तो परवडत नाही.

वकील सक्तीचा नाही. तुम्ही मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात, आणि २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालायला नकोत. मान्यताप्राप्त ग्राहक संस्था तुमच्या वतीनं स्वतः तक्रार दाखल करू शकते, मग तुम्ही तिचे सभासद असा वा नसा.

पण कार्यकर्ता आधी आयोगाचं नाव काढतच नाही. तो विचारतो, ‘बिल आणलंय? कंपनीला लेखी कळवलं का? पोच आहे?’ तिन्हींना नकार आला की कागद पुढे सरकवतो आणि पत्र लिहून घेतो. पहिल्या मसुद्यात ‘लुटारू’, ‘निर्लज्ज’, ‘तुम्हाला धडा शिकवीन’ असं बरंच काही असतं. ते सगळं कापलं जातं. उरतं ते बिल क्रमांक, तारीख, बिघाड काय, मागणी काय आणि उत्तराची मुदत. कितीतरी भांडणं या एका पानावर मिटतात. न मिटलेल्यांसाठी आयोग आहेच. पण शक्यतो तीन महिन्यांत निकाल, असं कायदा म्हणतो आणि तारखा वर्षानुवर्षं पडत राहतात, हेही सांगायला हवं.

गैरसमज : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलंय, म्हणजे विषय संपला.

सदोष मालाबाबत ते वाक्य कुचकामी आहे. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत तो परत घ्यायला नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. साडीचा रंग घरी नेल्यावर आवडला नाही, हा दोष नव्हे.

गैरसमज : ग्राहक संस्था नेहमी ग्राहकाचीच री ओढते.

हॉटेलात बसून पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे पडले, अशी तक्रार घेऊन माणसं येतात. २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हॉटेलांच्या बाजूचा आहे, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडतो. वकिलानं केस नीट लढवली नाही, ही तक्रारही २०२४ च्या निकालानंतर ग्राहक आयोगात चालत नाही. चांगली संस्था हे तोंडावर सांगते. व्यापाऱ्याशी वैर हाही तिचा धंदा नाही : महारेरानं २०१८ मध्ये घरखरेदीच्या तंट्यांसाठी सलोखा मंच सुरू केला, तेव्हा मुंबई ग्राहक पंचायतीचे प्रतिनिधी बिल्डरांच्या संघटनांच्या प्रतिनिधींसोबत एकाच टेबलाशी बसले.

तेव्हा एखादी तक्रार मनात घोळत असेल तर आज बिल शोधा, लेखी पत्र द्या आणि पोच जपून ठेवा. आयोगात जाण्याची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि नुसत्या फोनाफोनीत ती कशी निघून जाते ते कळतही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.