ठिपके गेले तरी रोग टाकीतच

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत नवा मासा सोडल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत त्याच्या परांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासा टाकीतील खडकावर अंग घासू लागतो. मालक दुकानातून औषधाची बाटली आणतो, सांगितलेले थेंब पाण्यात सोडतो आणि चार-पाच दिवसांत ठिपके नाहीसे होतात. औषधाचा गुण आला, असे मानले जाते. मात्र काही आठवड्यांतच ठिपके परततात. या वेळी ते टाकीतील सर्वच माशांवर असतात आणि सकाळी तळाशी मेलेले मासे आढळतात. खरे पाहता, त्या बाटलीत नुसते पाणी असते तरी ठिपके त्याच सुमारास गेले असते.

सागरी श्वेतबिंदू रोग, किंवा छंदी मंडळींच्या बोलीत ‘इक’, या नावाने हा रोग ओळखला जातो. क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी त्याला कारणीभूत असतो. जपानमध्ये सिकामा यांनी १९३०च्या दशकात या रोगाचे वर्णन केले, तर परजीवीला आजचे शास्त्रीय नाव १९५१ मध्ये ब्राउन यांनी दिले. माशावर दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे बाह्यत्वचेखाली शिरून पेशींवर पोसला जाणारा एक परजीवी होय. तो त्वचेच्या आड असल्याने पाण्यात घातलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

तीन ते सात दिवस पोसून झाल्यावर तो माशाला सोडतो. ठिपके ‘बरे’ होतात ते याच वेळी. पुढील काही तास तो तळावर सरपटतो आणि वाळूच्या कणाला किंवा खडकाला चिकटून स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. या कवचबंद अवस्थेला पुटी म्हणतात. पुटीच्या आत तो विभागत राहतो आणि एका परजीवीपासून दोनशेपर्यंत पिल्ले तयार होऊ शकतात. पुटी फुटण्यास साधारणपणे तीन ते २८ दिवस लागतात. त्यातून बाहेर पडलेल्या पोहणाऱ्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. किंबहुना सहा-आठ तासांनंतरच त्यांची माशात शिरण्याची क्षमता झपाट्याने घटते.

अथांग समुद्रात अशा पिल्लांपैकी बहुतेक सारी वाया जातात. दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत मात्र मासा कुठे जाणार? त्यातही पुट्या बहुधा अंधारात, पहाटेच्या सुमारास फुटतात. त्या वेळी मासा खडकाच्या नेहमीच्या कपारीत, तळालगत निजलेला असतो. परजीवीच्या दृष्टीने याहून सोयीची व्यवस्था दुसरी नसेल.

गोड्या पाण्याचे मासे पाळण्याची सवय असलेल्यांची येथे हमखास चूक होते. गोड्या पाण्यातही पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असतो, त्याचे परजीवीचक्रही असेच असते आणि हीटरने पाणी तापवून तो हटवता येतो. मात्र तो परजीवी सर्वस्वी वेगळा आहे. सागरी परजीवीला उबदार पाणी मानवते. माशाला सोसवेल इतके पाणी तापवल्याने तो मरत नाही, उलट त्याचे चक्र अधिक वेगाने फिरते.

उपचारापूर्वी रोग नेमका ओळखणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक पांढरा डाग म्हणजे इक नव्हे. सर्वांत घातक रोग ‘व्हेल्व्हेट’ या नावाने ओळखला जातो. अमायलूडिनियम ऑसेलेटम या परजीवीमुळे होणाऱ्या या रोगात सुटे ठिपके दिसत नाहीत. अंगावर पिठूळ किंवा सोनेरी धूळ बसल्यासारखे वाटते आणि तीही तिरप्या प्रकाशातच नीट दिसते. परजीवी प्रथम कल्ल्यांवर हल्ला करीत असल्याने त्वचेवर काही दिसण्यापूर्वीच मासा धापा टाकू लागतो, अन्न सोडतो, पंपाच्या प्रवाहासमोर तोंड करून उभा राहतो. इकमध्ये विचार करण्यास काही दिवस मिळतात, व्हेल्व्हेटमध्ये कधी कधी एक रात्रही मिळत नाही. क्लाउनफिश जातीच्या माशांच्या अंगावरून चिकट स्राव सालपटांसारखा सुटू लागल्यास ब्रुकलिनेला या परजीवीचा संशय घ्यावा. त्यावर तांब्याचा फारसा उपयोग होत नाही. फॉर्मेलिनचा वापर करावा लागतो आणि ते विषारी रसायन माहितगाराच्या देखरेखीखालीच हाताळणे योग्य. त्वचेवरील चपटे कृमी जिवंतपणी पारदर्शक असल्याने दिसतच नाहीत. समान तापमानाच्या, क्लोरीनविरहित गोड्या पाण्यात मासा पाच मिनिटे ठेवल्यास ते पांढरे पडून गळतात. निदान आणि प्राथमिक उपचार एकाच वेळी होतात. मात्र कृमींची अंडी या स्नानाने मरत नाहीत. इकचा परजीवी त्वचेच्या आड असल्याने त्यावर हे स्नान निरुपयोगी ठरते. परांच्या कडांवर महिनोन्महिने टिकणाऱ्या फुलकोबीसारख्या गाठी बहुधा लिम्फोसिस्टिस या विषाणूच्या असतात. त्यांना औषधाची गरज नसते.

इकवरील सर्वांत जुना, खात्रीचा उपाय तांबे हाच आहे. द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रणामुळे परिचित असलेले मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट होय. पाण्यात लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम मुक्त तांबे तीन ते सहा आठवडे सातत्याने राखावे लागते. ते त्वचेतील परजीवीला मारत नाही, पुटीलाही भेदत नाही. मरतात ती केवळ पोहणारी पिल्ले. म्हणूनच ठिपके गेले म्हणून पाचव्या दिवशी औषध थांबवणे व्यर्थ ठरते. प्रमाण घटले तर परजीवी वाचतो, वाढले तर मासा दगावतो. चाचणी संचाने रोज मोजमाप केल्याशिवाय हा उपचार करूच नये. शेतीचे मोरचूद अंदाजाने चिमूटभर टाकणे तर सर्वथा वर्ज्य. संयुक्त स्वरूपातील तयार औषधांची मात्रा वेगळी असल्याने बाटलीवरील सूचना पाळावी.

हा उपचार मुख्य टाकीत करता येत नाही. प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना तांबे मारक असते, शिवाय प्रवाळाची वाळू आणि खडक ते शोषून घेतात. परिणामी सर्व मासे, निरोगी दिसणारेसुद्धा, वाळू-खडकविरहित वेगळ्या टाकीत हलवावे लागतात. औषध नको असल्यास दर तीन दिवसांनी मासे स्वच्छ, पूर्ण कोरड्या केलेल्या टाकीत ताज्या खाऱ्या पाण्यात हलवण्याची पद्धत आहे. अशी चार स्थलांतरे झाली की माशावरून उतरलेले परजीवी प्रत्येक वेळी मागेच राहतात. क्षारता लिटरमागे १६ ग्रॅमपर्यंत उतरवून तीन आठवडे ठेवण्याचाही उपाय प्रचलित आहे. मात्र तैवानमध्ये याहून कमी क्षारतेतही हा परजीवी आढळला आहे, आणि व्हेल्व्हेटवर हा उपाय चालत नाही. लसूण चोळलेले खाद्य किंवा ‘सफाई’ करणारी कोळंबी यांवर विसंबून टाकी रोगमुक्त होत नाही.

या काळात मुख्य टाकी मासेविरहित ठेवणे हा उपचाराचा निम्मा भाग आहे आणि नेमका तोच टाळला जातो. प्रवाळ आणि कोळंबी तेथेच राहू शकतात, परजीवी त्यांच्यावर जगत नाही. उबदार पाण्यात सहा आठवडे पुरतात असे मानले जाते. थंड पाण्यात पुट्या ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद असल्याने सावध मंडळी ७६ दिवस मोजतात. एकच मासा खडकाआड राहिला तरी मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागते.

बाजारातील बहुतेक सागरी शोभिवंत माशांच्या जाती आजही समुद्रातून पकडून आणल्या जातात. पकडणे, पिशवीतील प्रवास आणि दुकानातील गर्दी यांमुळे त्यांची प्रतिकारशक्ती खचलेली असते. क्लाउनफिशच्या कृत्रिम पैदाशीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. पैदास केंद्रातील मासा घेणे केव्हाही चांगले. पण दुकानात तो इतर माशांच्या पाण्यात राहिला असेल तर त्यालाही सूट देता येणार नाही. प्रत्येक नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पिशवीतील पाणी मुख्य टाकीत ओतू नये. दोन टाक्यांसाठी जाळी आणि बादल्याही वेगळ्या असाव्यात, कारण ओल्या जाळीच्या एका धाग्यावरूनही पुटी दुसऱ्या टाकीत पोहोचू शकते.