पाऊस आणि माणूस : लेखांक सहावा – तरंगणारी मोटार

पुराच्या पाण्यात शिरलेली मोटार आधी तरंगते आणि मग बुडते. तिच्यापासून होणाऱ्या बहुतेक अपघातांचे मूळ या तरंगण्यात आहे. पाण्यात शिरलेल्या वस्तूवर, तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके वर ढकलणारे बल कार्य करते, त्याला प्लावक बल म्हणतात. लहान मोटारीचे वजन साधारण ९०० किलो आणि तळाचे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस मीटर धरले, तर पाणी तळाच्या वर १० सेंटिमीटर चढताच ५०० किलोंचा भार नाहीसा होतो. तळ जमिनीपासून सुमारे १७ सेंटिमीटर उंच असतो हे लक्षात घेता, गुडघाभर पाणी होण्याआधीच चाकांची रस्त्यावरील पकड निम्म्याने सुटलेली असते. त्यात पाणी वाहते असेल, तर त्याचा आडवा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या मते ३० सेंटिमीटर वाहते पाणी लहान मोटारी वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटर पाण्यात बहुतेक वाहने टिकत नाहीत. कठडे नसलेल्या फरशी पुलावरून समोरची एसटी गेली म्हणून आपणही जाऊ, हा हिशेब म्हणूनच फसवा आहे. एसटीचे वजन मोटारीच्या कितीतरी पट असते, शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे काठावरून दिसत नाही.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्यात तो जेमतेम ७४ मिलिमीटर होता. त्या दिवशीच्या मृतांत बंद मोटारींत गुदमरलेले लोकही होते. दार न उघडण्याचे कारण सरळ आहे : मीटरभर रुंद दारावर बाहेरून ६० सेंटिमीटर पाणी चढले, की त्यावर सुमारे पावणेदोनशे किलोंचा दाब पडतो. आत पाणी भरून दाब समान होईपर्यंत थांबावे, असा सल्ला अजूनही दिला जातो. तो घातक म्हणावा लागेल, कारण तोवर श्वासापुरती हवाही उरत नाही. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी मोटारी प्रत्यक्ष पाण्यात सोडून केलेल्या प्रयोगांनुसार गाडी साधारण अर्धा ते दोन मिनिटे तरंगते, आणि सुटकेची खरी संधी तेवढ्याच काळात असते. त्या काळात फोन लावण्यात वेळ न दवडता पट्टे सोडावेत, काचा खाली कराव्यात, मुलांना आधी बाहेर काढावे आणि मग स्वतः निघावे. पाणी काचेपर्यंत आले, की दाबामुळे काच चौकटीला घट्ट चिकटते आणि बटण चालू असूनही ती सरकत नाही. मात्र गाडी जोरदार प्रवाहात एका जागी अडकून स्थिर असेल, तर प्रवाहात उतरू नये. आत पाणी चढू लागल्यास खिडकीतून टपावर जावे.

काच फोडावी लागलीच, तर बाजूची फोडावी. ही काच सहसा तापवून झटकन थंड केलेली, म्हणजे टफन केलेली असते, त्यामुळे कोपऱ्याजवळ टोकदार आघात होताच तिचा चुरा होतो. समोरची काच दोन थरांत प्लॅस्टिकचा पडदा घालून बनवलेली असल्याने तडकते, पण वाट देत नाही. सीटची उशी उपसून तिच्या दांड्यांनी काच फोडण्याच्या युक्तीवर फार विसंबू नये. टोकदार हातोडी थोड्या पैशांत मिळते. पाऊस सुरू होण्याआधी ती आणून डिकीत न टाकता चालकाच्या हाताशी ठेवावी, आणि मदतीसाठी ११२ हा क्रमांक गाडीबाहेर सुरक्षित जागी पोहोचल्यावर लावावा.