राखणीचं नवं कुत्रं भांडतंय?

राखणीसाठी दुसऱ्या गावाहून थोराड कुत्रं आणलं, की ते वस्तीवरच्या कुत्र्यांवर तुटून पडतं. मालक काठी उगारतो. इथंच चुकतं! दुसरं कुत्रं दिसलं की मार बसतो, एवढंच त्याला उमजतं. ते आणखी चवताळतं.

आधी चार-आठ दिवस त्याला गोठ्याजवळ रुळू द्यावं. मग साखळी धरून, दुसरं कुत्रं दिसेल पण हे गुरगुरणार नाही, इतक्या लांब उभं करावं. शांत राहिलं की भाकरीचा तुकडा द्यावा. रोज अंतर थोडं कमी करावं. गुरगुरलं तर मागं सरावं.

भांडण सोडवायला हात घालू नये. कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. माणसाला चावलंच, तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुऊन लगेच आरोग्य केंद्र गाठावं. लक्षणं दिसल्यावर इलाज नाही.