हार्वर्डचे फुटबॉल स्टेडियम : वास्तू आणि खेळाचे नियम

प्रस्तावना :
विद्यापीठीय वास्तूंचा इतिहास बहुधा देणगीदार, खर्च आणि उद्घाटन एवढ्यावरच थांबतो. वास्तू उभी राहिल्यानंतर ती पुढील निर्णयांना कसे वळण देते, याचा विचार क्वचितच होतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या स्टेडियमच्या आधारे असा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल होय.

उभारणी :
बोस्टनच्या ऑलस्टन भागात १९०३ मध्ये हे स्टेडियम उभे राहिले. १८७९ साली पदवी घेतलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी १ लाख डॉलर दिले. तत्कालीन लाकडी प्रेक्षागारांना आगीचे व कुजण्याचे भय असे. म्हणून अभियांत्रिकीचे प्राध्यापक आयरा हॉलिस यांच्या पुढाकाराने पोलादी सळ्यांनी बळकट केलेल्या काँक्रीटची, घोड्याच्या नालाच्या आकाराची रचना स्वीकारण्यात आली. एवढ्या मोठ्या प्रेक्षागारासाठी हे तंत्र त्या काळी नवे होते. १४ नोव्हेंबर १९०३ रोजी येथे झालेला पहिला सामना हार्वर्डने डार्टमथविरुद्ध ०-११ असा गमावला.

नियमांतील बदल :
त्या वेळी खेळाडू एकमेकांना बिलगून, घोळक्याने प्रतिस्पर्ध्यांवर धडकत. १९०५ च्या हंगामात देशभरात सुमारे १८ खेळाडू मृत्युमुखी पडले. हार्वर्डचेच पदवीधर असलेले राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ९ ऑक्टोबर १९०५ रोजी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना पाचारण केले होते. घोळका विखुरला जावा, यासाठी मैदान ४० फुटांनी रुंद करण्याची सूचना येलचे वॉल्टर कँप यांनी मांडली. परंतु हार्वर्डच्या काँक्रीटच्या पायऱ्या मैदानाला इतक्या लगत होत्या की, रुंदीकरण म्हणजे नव्या वास्तूची मोडतोडच ठरली असती. अखेर १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकून देण्यास मुभा मिळाली. या बदलाचे हेच एकमेव कारण नव्हते. चेंडूफेकीचे समर्थक आधीपासून होतेच. तथापि रुंदीकरणाचा पर्याय मागे पडण्यात या वास्तूचा वाटा मोठा मानला जातो. मैदानाची रुंदी आजही १६० फूटच आहे.

निष्कर्ष :
१९८७ मध्ये या स्टेडियमला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. मात्र त्याचे खरे महत्त्व केवळ प्राचीनतेत नाही. खेळाडूंच्या जिवाचा प्रश्न समोर असताना अवघ्या दोन वर्षांपूर्वीचे बांधकाम निर्णायक ठरू शकले. येथे अडचणीतून हितकर मार्ग निघाला. प्रत्येक वेळी तो निघेलच असे नाही. म्हणून शिक्षणसंस्थेने कायमस्वरूपी बांधकाम हाती घेताना आजच्या गरजेबरोबरच उद्याचे कोणते पर्याय त्यामुळे बंद होतात, याचाही विचार करणे अगत्याचे ठरते.