पहिली मॉडेल युद्धनौका: ऑर्डर घेण्याआधी पितळेचे तास मोजा

या वेळचा व्हिडिओ नेहमीपेक्षा वेगळा होता. टेबलावर एक प्लॅस्टिकचं किट, हातात चिमटा आणि पितळेचा पोस्टकार्डाएवढा पत्रा. व्हिडिओत हातानं दाखवायचं होतं ते दाखवलं. हिशेबाचं बोलणं मात्र राहिलं, ते इथे सविस्तर लिहितोय.

माझ्या दुकानात स्टेशनरी आणि क्राफ्टच्या सामानासोबत एक कप्पा स्केल मॉडेलचा आहे. तिथे येणारी काही मुलं आता "सर, मॉडेल बनवून विकता येईल का?" असं विचारायला लागली आहेत. येईल. निवृत्त नौसैनिक, मर्चंट नेव्हीतली मंडळी, शिपिंग कंपन्यांची ऑफिसं, सासऱ्यांना साठीला काहीतरी हटके द्यायचं म्हणणारे जावई, असा ग्राहक आहे. पण या धंद्यात भाव चुकतो तो एकाच जागी, आणि ती जागा म्हणजे तो पितळेचा पत्रा.

आधी तो पत्रा काय असतो ते समजून घ्या. याला फोटो-एच म्हणतात, हौशी लोक नुसतं 'पीई' म्हणतात. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर चढवतात, त्यावर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश टाकतात आणि मग नको असलेलं पितळ रसायनानं खाऊन टाकतात. सर्किट बोर्ड साधारण असाच बनतो. तुमच्या गावात पितळी नेमप्लेट कोरून देणारा कारागीर असेल तर त्याला ही भाषा लगेच कळेल. जिथे पत्रा वाकवायचा असतो तिथे तो अर्ध्या जाडीपर्यंतच खाल्लेला असतो, म्हणजे घडीची रेघ तयार मिळते.

आता एवढा खटाटोप कशाला? साधं गणित करा. उदाहरणाला मी अमेरिकेची फ्लेचर वर्गाची विनाशिका घेतो, कारण पहिल्या मॉडेलसाठी मी तीच सुचवतो. दुसऱ्या महायुद्धात या वर्गाच्या १७५ नौका बांधल्या गेल्या. लांबी साधारण ११५ मीटर, म्हणजे १/३५० स्केलमध्ये मॉडेल भरतं जवळपास ३३ सेंटिमीटर. टेबलावर मावतं, काचेच्या पेटीत शोभतं. डेकच्या कडेचं रेलिंग माणसाच्या कमरेएवढं, म्हणजे एक मीटर धरा. मॉडेलवर ते तीन मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी. हेच रेलिंग प्लॅस्टिकच्या साच्यातून अर्धा मिलिमीटर जाड काढलं, तर प्रत्यक्षात ते साडेसतरा सेंटिमीटर जाड झालं. रेलिंग कसलं, ड्रेनेजचा पाइपच! पितळेचा पत्रा असतो ०.१५ मिलिमीटरच्या आसपास. तो स्केलनं सव्वापाच सेंटिमीटर होतो. तोही खऱ्यापेक्षा जाडच, पण डोळ्याला पटतो. ग्राहक दोन फुटांवरून बघतो आणि "अरे, हे तर खरं जहाज वाटतंय" म्हणतो, ते मुख्यतः रेलिंग, मास्ट आणि रडारच्या जाळीमुळे. जास्तीचे पैसे याच वाक्याचे मिळतात.

फ्लेचरच का? तामियाचं १/३५० मधलं यूएसएस फ्लेचर जुनं किट आहे, भाग नीट बसतात, आणि त्यासाठी वेगळे पीई सेटही निघाले आहेत. एकेरी पाच तोफा, दोन धुराडी, पाच-पाच नळ्यांचे दोन टॉर्पेडो मंच. बघायला भरपूर, पण विमानवाहू नौकेसारखा डोंगर नाही. रंगाचंही सोपं आहे. युद्धकाळात यातल्या अनेक नौका 'मेझर २१' प्रकारात रंगवलेल्या होत्या, म्हणजे उभे भाग गडद नेव्ही ब्लू आणि डेकला डेक ब्लू. दोन रंगांत काम उरकतं. पट्ट्यापट्ट्यांचा कॅमोफ्लाज पहिल्या मॉडेलला अंगावर घेऊ नका.

इथे बरेच जण म्हणतात, "सर, आपली भारतीय नौका करू ना." भावना बरोबर आहे, मागणीही आहे. आपली पहिली विक्रांत मुळात ब्रिटिशांची एचएमएस हर्क्युलिस, जुनी आयएनएस दिल्ली म्हणजे एचएमएस अ‍ॅकिलिस, आणि जुनी म्हैसूर म्हणजे एचएमएस नायजेरिया. पण भारतीय नौदलात आल्यावर या नौकांवर बदल झाले. तुम्हाला हवं त्या सालचं रूप काढायचं तर फोटो शोधा, भाग कापा, नवे घडवा. ते तिसऱ्या-चौथ्या मॉडेलचं काम. पहिल्याला किटमध्ये आहे तेच करा.

आता टेबलाकडे या. सगळ्यात आधी पंखा बंद! दीड मिलिमीटरचा भाग चिमट्यातून सुटला की घरभर शोधत बसता. मोठी परात घ्या, आत पांढरा कागद अंथरा आणि त्यातच काम करा. महागड्या ट्रेपेक्षा परात बरी. पत्रा कापायला रबरी मॅट नको, ती दबते आणि भाग वाकतो. जुनी चकचकीत टाइल किंवा जाड काच घ्या, धारदार टोकदार ब्लेड भागाच्या अगदी जवळ टेकवा आणि सरळ खाली दाबा. डोळ्यांवर चष्मा हवाच. तुकडा लागेल तेवढाच सोडवा. सगळे भाग एकदम कापून डबीत भरले, तर कुठला कोणता ते नंतर ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पत्र्यावर शेजारी नंबर कोरलेले असतात ते त्याचसाठी.

घडी घालताना अर्धवट कोरलेली रेघ शक्यतो घडीच्या आत येते. वाकवायचं खास यंत्र मिळतं, पण सुरुवातीला एक स्टीलची पट्टी वर दाबून धरा आणि खालून रुंद ब्लेडनं एका दमात उचला. पुढेमागे करत बसलात तर पितळ तुटतं. गोल वळवायचा भाग असेल, तर आधी ज्योतीवर क्षणभर तापवून रंग बदलू द्या आणि गार होऊ द्या, पत्रा मऊ पडतो. मग पेनाच्या रिफिलवर हळू गुंडाळा. हे फक्त सुट्ट्या भागांना. रेलिंग तापवू नका, ते मऊ पडलं की पुढे सरळच राहत नाही.

चिकटवण्याबद्दल नीट वाचा. प्लॅस्टिकचं सिमेंट पितळाला धरत नाही, कारण ते प्लॅस्टिक वितळवून जोडतं. पितळाला लागतो सायनो, म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीचा गोंद. तो ट्यूबमधून थेट कधीच लावायचा नाही. एक थेंब टाइलवर घ्या. शिवणाच्या सुईचं नेढं वरून घासून त्याचा छोटा दुबेळका करा, त्यात अगदी कणभर गोंद अडकतो, तो सांध्याला टेकवा. हवेतल्या ओलाव्यानं सायनो पटकन धरतो, त्यामुळे जून-जुलैत मुंबई-कोकणात हात सावरायला वेळच मिळत नाही, आणि आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी साय धरते ती वेगळी. पावसाळ्यात गोंद कमी घ्या, आणि बाटली हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

रेलिंगला मात्र माझं मत वेगळं आहे. तिथे पातळ केलेला फेव्हिकॉल वापरा. धरायला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ आपल्याला हवा असतो. सरकवता येतं, पुसता येतं, सुकल्यावर दिसत नाही. सेट घेताना रेलिंगच्या तळाला सलग पट्टी असलेलं बघा. नुसते सुटे पाय असलेलं जास्त खरं दिसतं, पण नवशिक्याचा जीव काढतं. डेकच्या कडेला आधी मास्किंग टेपची पट्टी लावून वळण आणि लांबी काढा, त्या मापावर रेलिंग कापा. रेलिंगला प्रायमर आणि रंग पत्र्यावर असतानाच मारून घ्या. घड्यांचे भाग मात्र आधी वाकवा, मग रंगवा, नाहीतर रंग घडीवर तडकतो. आणि रंगाआधी पत्रा साबणानं धुवा, बोटांच्या तेलावर काहीच टिकत नाही.

रेलिंग शेवटी, हे लक्षात ठेवा. आधी बसवलं तर बाकीचं काम करताना तुमचंच मनगट ते चिरडणार. पितळेचा भाग बसायच्या आधी किटवरची त्याच जागची प्लॅस्टिकची उठावदार नक्षी घासून काढावी लागते, म्हणून किटचा आणि पीईचा असे दोन्ही कागद समोर ठेवा आणि पहिल्याच दिवशी लाल पेननं खुणा करा.

आता हिशेब. एका मुलानं माझ्याकडून किट नेताना सांगितलं की ऑर्डर मिळाली आहे, १५,००० ठरलेत, ५,००० अ‍ॅडव्हान्स आलाय, आणि ग्राहकाला काकांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला मॉडेल हवंय. त्यानं आयुष्यात एकही जहाज बांधलेलं नव्हतं. किट, पीई सेट, रंग-गोंदाचा वाटा, लाकडी बैठक आणि अ‍ॅक्रिलिकची पेटी मिळून माल १०,०००. उरले ५,०००. त्याचा अंदाज होता वीस तासांचा, म्हणजे तासाला २५०. ऐकायला छान.

मी त्याला एवढंच सांगितलं की घरी जा, रेलिंगचा आठ सेंटिमीटरचा एकच तुकडा कापण्यापासून सुकेपर्यंत बसव आणि घड्याळ लाव. दुसऱ्या दिवशी फोन आला, चाळीस मिनिटं. डेकच्या दोन्ही कडा मिळून ६५ सेंटिमीटर, म्हणजे असे आठ तुकडे, पाच तासांहून जास्त नुसत्या एका डेकच्या रेलिंगला. त्यावर वरच्या मजल्यांची रेलिंगं, मास्ट, रडार, शिड्या, धुराड्यांच्या जाळ्या, मागचे डेप्थ चार्जचे रॅक. सगळं धरून बेरीज गेली ६० तासांवर. ५,००० भागिले ६०, तासाला ८३ रुपये. आणि तारखेला सतरा दिवस उरलेले, नोकरी सांभाळून रोज दोन तास. चौतीस तास!

आता या परिस्थितीत काय कराल? रात्री जागाल? पहिल्या पीईला झोपमोड केलेला हात चालत नाही. त्यानं ग्राहकाला दोन पर्याय दिले. त्याच भावात आणि त्याच तारखेला फक्त मुख्य डेकचं रेलिंग, मास्टचं रडार आणि धुराड्याच्या जाळ्या पितळेच्या, बाकी किटचं प्लॅस्टिक. किंवा पूर्ण पितळी मॉडेल, दीड महिना उशिरा, २५,००० ला. ग्राहकानं पहिला पर्याय घेतला. फोन करायला त्याला दोन दिवस धीर होत नव्हता, हेही सांगतो. पण गंमत बघा, दोन फुटांवरून डोळा जिथे जातो ती तीन कामं झालेलीच होती. पूर्ण सेट हा बहुतेक वेळा बनवणाऱ्याच्या हौसेसाठी असतो. ग्राहक त्याचे पैसे देईलच असं नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की पहिलं मॉडेल स्वतःच्या पैशानं, स्वतःसाठी बांधा, आणि शेजारी वही ठेवा. रकाने चारच: तारीख, काम, मिनिटं, वाया गेलेले भाग. 'पीई' असं एकच काम लिहू नका. रेलिंग वेगळं, घडीचे भाग वेगळे, घासकाम वेगळं, रंग वेगळा. दुसऱ्या मॉडेलला घडीचे भाग झपाट्यानं होतात, हात बसतो. रेलिंगचा वेळ मात्र फारसा घटत नाही. हा फरक वहीशिवाय कळत नाही, आणि पुढचं कोटेशन त्याच्यावरच बसतं. कोटेशन नेहमी तीन पातळ्यांचं द्या: नुसतं किट, निवडक पितळ, पूर्ण पितळ. प्रत्येकाची तारीख वेगळी. पेटीचे पैसे वेगळे दाखवा, नाहीतर ग्राहक तिथेच घासाघीस करतो.

कोणी बनवण्याऐवजी किटची घाऊक आयात करायचं म्हणत असेल, तर तो वेगळा धंदा आहे. लहान मुलांच्या खेळण्यांना २०२१ पासून बीआयएसचे नियम सक्तीचे आहेत, आणि आपला माल खेळण्यात धरला जातो की नाही, हे पार्सल निघायच्या आधी कस्टम्सच्या जाणकाराला विचारा. ड्युटी आणि जीएसटी तुमच्या सीएकडून लेखी घ्या.

शेवटचा प्रश्न पोहोचवण्याचा. तयार मॉडेल कुरिअरनं पाठवायचं असेल तर बैठकीला खालून दोन स्क्रूनं पक्कं करा. हे स्क्रू हल बंद करण्याआधी, अगदी पहिल्या दिवशी, आतून नट चिकटवून ठरवावे लागतात. मॉडेलला बबल रॅप गुंडाळू नका, तो रेलिंग ओढतो. मॉडेल पेटीत, पेटी खोक्यात, खोका मोठ्या खोक्यात, आणि मध्ये सगळीकडून चार बोटं फोम. गावातल्या गावात असेल तर स्वतः घेऊन जा, गाडीच्या मागच्या सीटवर नाही, मांडीवर.