एआयला ‘रद्द कर’ म्हटलं की पुढे नेमकं काय होतं?

समजा, तुम्ही एआय असिस्टंटला टाइप केलंत, “परवा घेतलेली दातांची अपॉइंटमेंट रद्द कर.” आता ‘परवा’ म्हणजे कोणता दिवस? होऊन गेलेला की यायचा? ‘घेतलेली’ या शब्दावरून आपल्याला लगेच कळतं. पण एआयने नुसतं ‘परवा’ पकडलं आणि येत्या परवाला त्याच हॉस्पिटलमध्ये, तुमच्याच मोबाइल नंबरवर आईची डोळे तपासायची वेळ असेल, तर? तीन आठवडे थांबून मिळालेली वेळ गेली.

असं झालं की आपण म्हणतो, “एआय बिनडोक आहे.” पण बऱ्याचदा खरा घोळ असतो तो एआयला दिलेल्या टूलच्या वर्णनात.

टूल म्हणजे काय, ते आधी पटकन बघू. चॅटजीपीटी, क्लॉड किंवा जेमिनाय यांच्यामागचं मॉडेल स्वतः क्लिनिकच्या सिस्टिममध्ये जाऊन काही बदलू शकत नाही. डेव्हलपर त्याला टूल देतो, म्हणजे एक नाव, ते काय करतं याचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची याची यादी. मॉडेल फक्त “हे टूल, ही माहिती भरून चालवा” असं लिहून देतं. प्रत्यक्ष काम बाहेरचा प्रोग्रॅम करतो. ओपनएआयने जून २०२३ मध्ये ही सोय ‘फंक्शन कॉलिंग’ या नावाने डेव्हलपर्सना दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, हे खुलं स्टँडर्ड आणलं. त्यामुळे एकदा बनवलेलं टूल वेगवेगळ्या एआय ॲप्सना जोडता येतं.

गंमत अशी की टूलच्या आतला कोड सहसा मॉडेलला दिसतच नाही. त्याला दिसतं ते वर्णन. आता हे वर्णन बघा:

“अपॉइंटमेंट रद्द करते. माहिती: मोबाइल नंबर, तारीख.”

माणसाला पुरेसं वाटेल. पण आपल्याकडे अख्ख्या घराच्या अपॉइंटमेंट एकाच नंबरवर असतात. एकाच दिवशी दोन असतील तर कोणती रद्द करायची? मॉडेल इथे अंदाज मारतं, आणि रद्द करण्याच्या कामात अंदाज महागात पडतो. मी असं लिहीन:

“आधी ठरलेली एक अपॉइंटमेंट रद्द करते. ती वेळ लगेच दुसऱ्या पेशंटसाठी खुली होते, परत मिळेलच असं नाही. फक्त वेळ बदलायची असेल तर हे टूल वापरू नका, ‘वेळ बदला’ वापरा. अपॉइंटमेंट आयडी माहीत नसेल तर आधी ‘अपॉइंटमेंट शोधा’ चालवा, आयडी मनाने भरू नका. पेशंट, डॉक्टर, तारीख आणि वेळ दाखवून स्पष्ट होकार मिळाल्यावरच पुढे जा.”

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे ‘वापरू नका’वालं. आपण कुठे सरळ ‘रद्द करा’ म्हणतो? “उद्या जमणार नाही हो,” एवढंच म्हणतो. त्याचा अर्थ नकोच असाही होतो आणि दुसरा दिवस द्या असाही. असं वाक्य आलं की आधी विचारा, हे वर्णनात लिहिलेलं नसेल तर मॉडेल जे टूल जवळचं वाटेल ते उचलतं. उशिरा रद्द केल्यावर पैसे कापले जात असतील, तर तेही इथेच लिहायला हवं.

टूलकडून परत येणारं उत्तरही तितकंच महत्त्वाचं. नेट गेलं, उत्तर आलंच नाही, म्हणून मॉडेलने टूल पुन्हा चालवलं, तर? नुसतं “एरर” आलं की ते तुम्हाला सांगणार, “रद्द झाली नाही.” खरंतर पहिल्याच वेळी झालेली असते! “ही अपॉइंटमेंट आधीच रद्द झाली आहे” असं उत्तर आलं की गोंधळ मिटतो. आणि रद्द म्हणजे डिलीट नव्हे. हॉस्पिटलच्या डेटासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘फायर’ या स्टँडर्डमध्ये अपॉइंटमेंटची नोंद तशीच राहते, तिचं स्टेटस तेवढं ‘कॅन्सल्ड’ होतं. पेशंट आलाच नाही, यासाठी ‘नो-शो’ हे वेगळं स्टेटस आहे.

एमसीपीमध्ये टूलवर खुणाही लावता येतात: हे टूल फक्त माहिती वाचतं, हे काहीतरी पुसू किंवा बदलू शकतं, हे दोनदा चालवलं तरी जास्तीचा परिणाम होत नाही. पण या नुसत्या सूचना आहेत, कुलूप नव्हे. वर्णनात “होकार घ्या” लिहिलं तरी मॉडेल कधीतरी ते विसरू शकतं, म्हणून खरी अडवणूक प्रोग्रॅममध्येच हवी.

आता तुमच्या फोनवर. बरीच ॲप्स टूल चालवण्याआधी परवानगी विचारतात. रद्द करणाऱ्या टूलला ‘नेहमी परवानगी द्या’ करून ठेवू नका. चौकटीत नाव, तारीख आणि वेळ वाचा, मग दाबा. एआय “रद्द केली” म्हणालं तरी क्लिनिकचा मेसेज आलाय का बघा. आणि सुरुवातच “येत्या सगळ्या अपॉइंटमेंट दाखव” अशी करा. यादी समोर आली की “दुसरी रद्द कर” म्हणा, ‘परवा’चा प्रश्नच येत नाही.